४२ लाख आणि तीन महिने: निवृत्तीचे पैसे ठेवायचे कुठे?

माझा मोठा मामा भोसरीतल्या एका कारखान्यातून ५८ व्या वर्षी रिटायर झाला. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजा मिळून ४२ लाख खात्यात पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "ते व्याजबिज नंतर बघू. टॅक्स कसा वाचवायचा ते आधी सांग."

मी पंधरा वर्षं लोकांची रिटर्न भरते. साठीच्या आसपासच्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. नोकरीत असताना दर मार्चला '८० सी'च्या (करात वजावट देणाऱ्या गुंतवणुकींचं कलम) पावत्या गोळा करायची सवय लागलेली असते, ती रिटायर झाल्यावरही सुटत नाही. म्हणून मामाला म्हटलं, आधी टॅक्स किती लागतो ते तरी बघू.

(खालचे आकडे, नियम, कलमं आणि फॉर्म २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.)

जुनी करप्रणाली की नवी?

कर मोजायच्या दोन पद्धती आहेत, एक निवडायची: जुनीत वजावटी मिळतात, नवीत बहुतेक वजावटी नाहीत. मामाच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात, वय ६६. त्यांच्यासारख्या माणसाचा हिशेब समोर ठेवते. पेन्शन महिना ४० हजार, म्हणजे वर्षाला ४,८०,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, त्याचं व्याज २,४६,०००. बँकेत १० लाखांच्या ठेवी, सात टक्क्यांनी ७०,०००. एकूण ७,९६,०००.

जुन्या प्रणालीत पेन्शनवर ५० हजारांची प्रमाणित (पावतीशिवाय सरसकट मिळणारी) वजावट, '८० टीटीबी'खाली व्याजाचे ५० हजार, '८० डी'खाली मेडिक्लेमचे ५० हजार, आणि '८० सी'चे दीड लाख. सगळं पुरेपूर वापरलं तर करपात्र उत्पन्न ४,९६,००० उरतं. पाच लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. पण त्यासाठी दरवर्षी दीड लाख कुठेतरी अडकवायचे आणि मेडिक्लेमचा हप्ताही ५० हजारांच्या घरात हवा.

नव्या प्रणालीत पेन्शनवर ७५ हजार वजा, उरले ७,२१,०००. चार लाखांपर्यंत कर नाही, पुढच्यावर पाच टक्के, म्हणजे १६,०५०. आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर '८७ ए'ची सूट असल्यामुळे तेही माफ. कर शून्य, आणि पावती एकही जोडायची नाही.

दोन्हीकडे शून्यच. फरक एवढाच, की पहिल्या शून्यासाठी गुरुजी दर मार्चला दीड लाखांची पाच वर्षांची 'टॅक्स सेव्हर' एफडी करतात, आणि ती पाच वर्षं मोडता येत नाही. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनला मुलाकडून पैसे घ्यावे लागले. ठेवी होत्या, पण अडकलेल्या.

मग जुनी प्रणाली कोणाला परवडते? समजा पेन्शन आणि व्याज मिळून १४ लाख आहेत. नव्या प्रणालीत कर ७८,७५०, वर त्या करावर चार टक्के सेस, म्हणजे उपकर. जुन्या प्रणालीत एवढाच कर यायचा तर साडेपाच लाखांपेक्षा जास्त वजावटी दाखवाव्या लागतात. गृहकर्जाचं व्याज चालू असेल किंवा घरात गंभीर आजारपणाचा मोठा खर्च असेल तर कदाचित जमेल. कर्ज फिटलेल्या, मुलं मार्गी लागलेल्या घरात इतक्या वजावटी सहसा सापडत नाहीत. माझं मत विचाराल तर १२ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या निवृत्ताने जुन्या प्रणालीकडे बघूही नये.

दोन ठिकाणी मात्र जपून. एक, शेअर किंवा इक्विटी फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यावरच्या कराला नव्या प्रणालीत '८७ ए'ची सूट लागू होत नाही. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त, त्यापुढे १२.५ टक्के. दुसरं, मुलांकडे अमेरिकेत कायमचे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी. कराच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी झालात की '८७ ए' मिळत नाही, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातंही उघडता येत नाही.

आता मामाचा टॅक्स. तो किती येतो हे पैसे कुठे ठेवले यावर ठरतं, म्हणून आधी ते.

दहा लाख चार ठिकाणी

| | हाती काय येतं | मुदत | मधेच मोडलं तर |
|---|---|---|---|
| ज्येष्ठ नागरिक बचत योजना (८.२%) | तिमाहीला २०,५०० | ५ वर्षं, पुढे ३-३ वर्षं | वर्षाच्या आत दिलेलं व्याज परत घेतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का, नंतर एक टक्का कापतात |
| पोस्टाची मासिक प्राप्ती योजना (७.४%) | महिन्याला ६,१६६ | ५ वर्षं | पहिलं वर्ष मोडता येत नाही, तीन वर्षांपर्यंत दोन टक्के, नंतर एक टक्का |
| बँकेची एफडी (६.७५% धरून) | वर्षाला ६७,५०० | आपण ठरवू तेवढी | साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी |
| विमा कंपनीची ॲन्युइटी | वय आणि पर्यायाप्रमाणे, ठरलेली रक्कम | मरेपर्यंत | पैसे सहजी निघत नाहीत |

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्क्यांवर आहे. मर्यादाही त्याच वर्षी १५ लाखांवरून ३० लाख झाली. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण तुम्ही पैसे भरले त्या दिवशीचा दर तुमच्या पाच वर्षांसाठी पक्का. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) साडेसहावरून सव्वापाचवर आणला आणि बँकांच्या एफडीचे दर खाली आले. त्या वेळी या योजनेत पैसे असलेल्यांच्या हातात दर तिमाहीला आधी येत होती तेवढीच रक्कम येत राहिली. इतक्या सुरक्षिततेत इतकं व्याज देणारं दुसरं काही सध्या मला दिसत नाही. त्यामुळे ३० लाखांपर्यंत मी दुसरा विचार करत नाही.

वयाची अट ६०, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यालाही यात येता येतं. निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत भरले पाहिजेत आणि रक्कम मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त नको. मामाचा खरा घाईचा विषय टॅक्स नव्हताच, हे तीन महिने होते. कारखान्याकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमांचा दाखला आणायला त्याला तीन खेपा पडल्या. पहिल्या पत्रावर निवृत्तीची तारीखच नव्हती.

व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी जमा होतं. ते खात्यातून काढलं नाही तरी त्यावर व्याज चढत नाही, म्हणून बचत खात्यात आपोआप वळतं करून घ्यावं.

मासिक प्राप्ती योजनेचं व्याज कमी, पण दरमहा येतं. किराणा, दूधवाला, लाइटबिल महिन्याला येतं, तिमाहीला नाही. एकाच्या नावावर ९ लाख, दोघांच्या मिळून १५ लाख. ९ लाखांवर महिन्याला ५,५५०.

बँकेच्या एफडीचा खरा उपयोग व्याजासाठी नाही, हाताशी पैसा असावा म्हणून. तीन लाखांची एक एफडी करण्यापेक्षा लाखाच्या तीन कराव्यात, म्हणजे दवाखान्यासाठी एकच मोडता येते. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे, हेही लक्षात ठेवावं. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या कित्येकांना ही मर्यादा पहिल्यांदाच कळली, आणि तेव्हा ती फक्त एक लाख होती. गल्लीतल्या पतसंस्थेला तर हे कवच मुळीच नाही. तिथला साडेदहा टक्क्यांचा फलक बघून मामा थबकला होता. मी म्हटलं, चेअरमन ओळखीचे आहेत म्हणून पैसे सुरक्षित आहेत असं नसतं.

ॲन्युइटी आणि बँकेतली ती पॉलिसी

विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि मरेपर्यंत ठरलेलं पेन्शन घ्यायचं. 'मूळ रक्कम वारसाला परत' हा पर्याय घेतला तर महिन्याचं पेन्शन कमी येतं. या पेन्शनला प्रमाणित वजावटही नाही, ते 'इतर स्रोतांतून उत्पन्न' धरतात. तरीही मी ॲन्युइटीला सरसकट नाही म्हणत नाही. एकटी राहणारी, व्यवहाराची सवय नसलेली, नातेवाइकांच्या 'उसने दे' ला नाही म्हणता न येणारी आत्या किंवा मावशी असेल, तर न मोडता येणारे पैसे हीच तिची ढाल. मामा-मामींना ती गरज नव्हती.

यावरून घरातली एक गोष्ट. माझ्या बाबांकडे त्यांच्या बँकेतला एक हसरा मुलगा आला. "काका, एफडीपेक्षा चांगलं, टॅक्स फ्री, फक्त सही करा." बाबांनी सही केली. पंधरा दिवसांनी घरी पाकीट आलं, आत पाच वर्षं दोन-दोन लाख भरायची विमा पॉलिसी. एफडी कुठेच नव्हती. पाकीट हाती पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, म्हणून वाचलो. बाबांनी ते पाकीट कपाटात न उघडता ठेवलं असतं तर दोन लाख तर गेलेच असते, वर पुढच्या चार हप्त्यांचं लोढणं.

म्युच्युअल फंडातून दरमहा

हायब्रिड फंडात (शेअर आणि रोखे दोन्हींत गुंतवणाऱ्या) रक्कम ठेवून त्यातून दरमहा ठरावीक पैसे काढायचे, हा पर्याय हल्ली व्हॉट्सॲपवर फार फिरतो. दीर्घ काळात महागाईशी झुंजायला तो ठेवींपेक्षा बरा, यात वाद नाही. पण जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांखाली आला होता. त्या महिन्यात घरखर्चासाठी युनिट विकणाऱ्याने पडत्या भावात विकले. घरखर्च याच्यावर अवलंबून ठेवू नये. तो इतर ठिकाणाहून भागत असेल, तर वरच्या पैशांसाठी जरूर.

मामाने काय केलं

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख. तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. मासिक प्राप्ती योजनेत मामींसह संयुक्त ९ लाख, महिना ५,५५०. ईपीएस (पीएफबरोबरची पेन्शन योजना) पेन्शन ३,२००. एकूण २९,२५०. बँकेत लाख-लाखाच्या तीन एफडी. खर्च त्यांनी वहीत लिहून काढला होता, दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता धरून महिना २७ हजार. उरले दोनेक हजार, ते दरमहा इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्या शेअरमध्ये गुंतवणारा फंड). कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपतो, म्हणून तो विमा आधी घ्यायला लावला.

वर्षाचं सगळं उत्पन्न पावणेचार लाखांच्या आसपास. नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही. ज्या टॅक्सच्या चिंतेने फोन केला, तो टॅक्स मुळात नाहीच. वाचवायचंय ते टीडीएसपासून, म्हणजे व्याज देतानाच कापल्या जाणाऱ्या करापासून. साठच्या आत असल्यामुळे मामाला '१५ एच' नाही, '१५ जी' हा 'मला कर लागत नाही' असं कळवणारा फॉर्म द्यावा लागतो. नाही दिला तर ५० हजारांवर व्याज गेल्याबरोबर दहा टक्के कापून घेतात आणि मग रिफंडची वाट बघा. साठी झाली की मर्यादा एक लाख आणि फॉर्म '१५ एच'. दोन्ही फॉर्म दर एप्रिलला नव्याने, प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळे.

कमकुवत बाजू महागाईची. ती सहा टक्के राहिली तर बाराएक वर्षांत आजच्या २९ हजारांची किंमत निम्मी होईल, आणि मामा तेव्हा सत्तरीत असेल. दोन हजारांच्या एसआयपीने ते भरून निघणार नाही. चिखलीच्या फ्लॅटमधली एक खोली एखाद्या विद्यार्थ्याला भाड्याने द्यायचं मी सुचवलं. मामी म्हणाल्या, बघू.

पोस्टात खातं उघडताना मामाची सही तीनदा चुकली. तीस वर्षं मशीनवर काम करून बोटं आखडली आहेत, पॅनकार्डावरची सही वीस वर्षांपूर्वीची. खिडकीतल्या बाईंनी कोरा कागद दिला, "काका, बसा बाकड्यावर, चार वेळा गिरवून बघा." मामा गिरवत बसला. मामी तोपर्यंत माझ्याकडे वळल्या.

"आणि माझ्या नावावर काय?"

मामी ५७ च्या आहेत. तीन वर्षांनी त्यांनाही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत स्वतःचं खातं उघडता येईल. मासिक प्राप्तीचे ९ लाख तेव्हा एक टक्का कापून तिकडे वळवता येतील. पैसा मामाचा असल्यामुळे व्याज कराच्या दृष्टीने मामाच्याच उत्पन्नात धरलं जाईल, पण तिथे कर लागतोय कुठे?

"तीन वर्षांनी," मी म्हटलं.

"लिहून ठेव," मामी म्हणाल्या, आणि पर्समधून खर्चाची वही काढून माझ्यापुढे धरली.