कोकणात लहान घर: तयार किट की चिरा?

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, बांधकामापेक्षा कारखान्यात बनलेलं तयार घर, म्हणजे किट, स्वस्त पडतं असं ऐकायला मिळतं. पण त्याचं कोटेशन हातात पडलं की आधी शेवटचं पान वाचावं. पहिल्या पानावर अंगणासकट रंगीत चित्र असतं, शेवटी बारीक अक्षरांत ‘ग्राहकाने करावयाची कामं’. जोतं, सेप्टिक टँक, पाणी, विजेचं मीटर, क्रेन, फिटिंगवाल्यांची राहायची सोय. किटमध्ये येतो तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा सांगाडा, पॅनेलच्या भिंती, छप्पर आणि दारं-खिडक्या. १० लाखांच्या किटवर १८ टक्के जीएसटी धरला की ११ लाख ८० हजार झाले, आणि माल अजून कारखान्यातच आहे.

म्हणून किटचा आणि चिऱ्याचा, चौरस फुटाचे दोन दर शेजारी मांडून काही कळत नाही. सेप्टिक टँक, बोअर, मीटर दोन्हीकडे लागतंच. ते वजा करा आणि उरलेलं तोला. ऐकलेली बचत त्यात बरीच आटते. किट वाचवतं तो मुख्यतः वेळ, आणि कोकणात वेळेला खरंच किंमत आहे. चिऱ्याचं काम दिवाळीनंतर सुरू होतं. गवंडी मध्येच दुसऱ्या कामावर गेला आणि मे अखेर छप्पर चढलं नाही, तर पुढचे चार महिने भिंती पावसात. मुंबईहून दर शनिवारी फेऱ्या मारणाऱ्याला हे चांगलंच ठाऊक असतं. जोतं तयार असेल तर किट काही आठवड्यांत उभं राहतं.

पण ते जोतं! गवंडी एक-दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक गिलाव्यात जिरवतो. कारखान्यात भोकं पाडून आलेला सांगाडा जिरवत नाही. २० बाय ३० फुटांच्या जोत्याचे दोन्ही कर्ण साधारण ३६ फूट ५ सूत भरले पाहिजेत. काँक्रीट ओतण्याआधी स्वतः टेप धरा, दुसरं टोक गवंड्याच्या हाती द्या. तो हसेल, हसू द्या.

दुसरी अडचण रस्त्याची. चिरे टेम्पोने येतात, आणि पुढे पाणंद अरुंद असली तर डोक्यावरून. लांब पॅनेलांचा ट्रक वळणावर अडला की ती सोय नाही. क्रेनचा हात वर जायला माडांत मोकळी जागा आहे का, तेही बघा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात पत्रे आणि कौलं कशी उडवली, हे तिथल्या कुणालाही विचारा. किटचं हलकं घर भूकंपात बरं, वाऱ्यात मात्र ते जोत्याला बोल्टांनी नीट जखडलेलं लागतं. बोल्ट किती, केवढे, हे लेखी घ्या. खाडीकाठी खारा वारा कापलेल्या कडा आणि स्क्रू आधी खातो. चिऱ्याला गंज नाही. त्याची पश्चिमेकडची भिंत झडीने ओलावते, पण त्यावर झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधायची रीत आहेच.

पैसेही वेगळ्या रीतीने जातात. गवंड्याला जोतं, लिंटेल, छप्पर असे टप्प्याने देता येतात. किटवाले बहुतेक रक्कम माल निघण्याआधीच मागतात. गृहकर्ज जागेवरचं काम बघून सुटत असेल, तर मधली रक्कम खिशातून उभी करावी लागेल. ‘खोलून नेता येतं, परवानगी कशाला’ असं विक्रेता म्हणाला तर कानाआड करा. जमीन बिनशेती आहे का, बांधकाम परवानगी, समुद्र जवळ असेल तर सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, सगळं बघावंच लागतं.

माझं मत विचाराल तर रस्ता रुंद, घर सुट्टीपुरतं आणि देखरेखीला कुणी नाही, तर किट घ्या. कायम राहायचं असेल, पुढेमागे पडवी वाढवायची असेल आणि गावात भरवशाचा गवंडी असेल, तर चिराच. किट घेतलंत तरी गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर फळं बांधून टांगायची लाकडी चौकट, कुठे टांगणार ते ऑर्डर देतानाच सांगा. नारळ-काकड्यांचं ओझं पॅनेलच्या छताला पेलत नाही. तिथे आतून पट्टी बसवून घ्यावी लागते.