बारावीनंतर अभिनय आणि निर्मिती: ललित कला केंद्र, करंडक की एफटीआयआय?

‘मला ॲक्टिंगमध्ये जायचंय’ असं मुलाने किंवा मुलीने सांगितलं की घरात बहुधा दोनच उत्तरं येतात: आधी डिग्री घे, नाहीतर जा मुंबईला. पुण्याच्या परिसरात शिकणाऱ्यांसाठी याहून बऱ्याच चांगल्या वाटा आहेत.

आधी एफटीआयआयबद्दल, म्हणजे पुण्यातल्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाबद्दल. प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या या संस्थेचे मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी तीन वर्षांचे, पडद्यावरचा अभिनय दोन वर्षांचा, टीव्ही विभागाचे एका वर्षाचे. त्यामुळे अठराव्या वर्षी एफटीआयआय की दुसरीकडे हा प्रश्नच येत नाही. पदवीची तीन-चार वर्षं कुठे घालवायची, एवढंच आत्ता ठरवायचं आहे.

एक मार्ग पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्राचा, म्हणजे गुरुकुलाचा. १९८७ पासून चाललेलं हे केंद्र, नाटककार सतीश आळेकर तिथे अनेक वर्षं संचालक होते. इथे नाटकातच बी.ए. करता येतं. आवाज, शरीर, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना हाच दिवसभराचा अभ्यास. याचा फायदा बाहेरून कळत नाही. आपल्याकडच्या नव्या नटांचा एक ठरलेला दोष घ्या: वाक्याचा शेवट खातात. ‘मी उद्या येणार नाही’ यातलं ‘नाही’ तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही, कारण श्वास ‘येणार’पाशीच संपलेला असतो. हा दोष आठवड्याच्या शिबिरात जात नाही. रोज कुणीतरी टोकायला लागतं आणि तसं टोकणारे शिक्षक इथे मिळतात. उणीव अशी की भर रंगमंचावर आहे. कॅमेऱ्यासमोरचं काम नंतर वेगळं शिकावं लागतं.

दुसरा मार्ग नेहमीच्या कॉलेजात डिग्री आणि जोडीला एकांकिका. याला ‘छंद’ म्हणून हिणवू नये, आजच्या मराठी नाटक-मालिकांतली कितीतरी माणसं इथूनच आली. पण कोणती स्पर्धा काय शिकवते, ते पाहावं. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेचा पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे. तिथे लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय पाहिला जातो, नेपथ्य-प्रकाशाच्या झगमगाटाला गुण नाहीत. २०२२ साली परीक्षकांना कुठलीच एकांकिका त्या तोडीची वाटली नाही, तेव्हा करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर वाद झाला, पण अभिनेत्याला असा कठोर मापदंड विद्यार्थीदशेतच भेटावा, असं मला मनापासून वाटतं. फिरोदिया करंडक हीसुद्धा कॉलेजांचीच स्पर्धा, पण तिची गोष्ट निराळी. एकाच प्रयोगात चित्र, शिल्प, नृत्य, वादन सगळं गुंफायचं असतं. पन्नासेक मुलांच्या वेळा जुळवणं, वर्गणी, टेम्पो, सेट लावण्या-काढण्याचा वेळ हे सगळं ज्याने सांभाळलं, त्याला निर्मिती म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. अभिनयासाठी पुरुषोत्तम, निर्मितीसाठी फिरोदिया, असं मी सरळ सांगेन.

या मार्गात धोका एकच, पण मोठा. गुरू नसतो. सिनिअर जे करतात तेच आपण उचलतो, त्यांच्या लकबींसकट.

मुंबईतल्या खाजगी संस्थांबद्दल थोडक्यात. काही खरोखर चांगल्या आहेत, पण फी लाखांत जाते. एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी, शूट केलेला सीन शिक्षक सोबत बसून दाखवतात का, आणि तो एडिट होऊन हातात मिळतो का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. ‘ऑडिशनची हमी’ देणाऱ्याकडे तर जाऊच नका.

या सगळ्यांत जे मिळत नाही ते मालिकेच्या सेटवर मिळतं. सुट्टीत सहायकांच्या हाताखाली उभं राहायला मिळालं तर जरूर जा. बारा तासांची शिफ्ट असते, मानधन बरेचदा नव्वद दिवसांनी येतं, हे घरी आधीच सांगून ठेवा. पण तिथे कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना राखायची सलगता, कळते. लांबून घेतलेल्या वाइड शॉटमध्ये ‘आई’ या शब्दावर उजव्या हाताने कप उचलला असेल, तर तासाभराने जवळून क्लोज शॉट घेतानाही त्याच शब्दावर, त्याच हाताने, तेवढाच चहा असलेला कप उचलायचा, आणि डोळ्यांतलं पाणीही तितकंच खरं हवं. रंगमंचावरचा उत्तम नट इथे पहिल्या दिवशी गडबडतो.

मग निवड? अभिनयच करायचा हे पक्कं असेल आणि प्रवेशाच्या चाचणीत निवड झाली, तर ललित कला. दिग्दर्शन, संकलन किंवा निर्मितीकडे ओढा असेल, तर आवडीच्या विषयात डिग्री, सोबत फिरोदिया, आणि मग एफटीआयआयची प्रवेश परीक्षा. कारण तिथे साहित्य, समाज, इतिहास वाचलेला विद्यार्थी उठून दिसतो. दिल्लीचं एनएसडी, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, डोळ्यांसमोर असेल तरी करंडकाची वर्षं वाया जात नाहीत, पदवीबरोबर तिथे नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतात. मराठवाड्यातल्या मुलांनी पुण्यात खोली शोधण्याआधी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग पाहून यावा. आणि कॅमेऱ्यासाठी पदवीपर्यंत थांबवत नसेल, तर एफटीआयआयचे काही दिवसांचे लघु अभ्यासक्रमही असतात. सुट्टीत जमतात.