4 इंची कमोड सीट रेझर: खुबा बदलल्यावर घ्यावा का?

खुबा बदलल्यानंतर कृत्रिम सांध्याचा गोळा वाटीतून निसटण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल तर तीन हालचाली टाळायच्या: खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि मांडी आत वळवणे. बुटक्या कमोडवरून पुढे झुकून, गुडघे जवळ घेऊन उठताना या तिन्ही एकदम घडू शकतात. कमोडच्या काठावर क्लॅम्पने आवळून बसवायचा, बैठक उंच करणारा प्लास्टिकचा रेझर विकला जातो तो यासाठीच. 2, 4 आणि 6 इंच अशा जाडीत मिळतो; खप 4 इंचीचा.

पण 4 इंच सगळ्यांना नको. कमोडची मूळ सीट वर उचला आणि जमिनीपासून चिनीमातीच्या काठापर्यंत मोजा. मग रुग्णाला चप्पल घालून बसवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा. बैठक घडीपेक्षा साधारण 2 इंच वर हवी. काठ 15 इंच, घडी 17 इंच असेल तर 4 इंची नेमका बसतो. घडी साडेचौदा असलेल्या आजींना मात्र त्यावर पाय लोंबकळत बसावे लागेल, त्या पुढे घसरतील. त्यांना 2 इंची पुरे.

खरी कमजोरी क्लॅम्पमध्ये. पुढच्या एकाच स्क्रूवर धरलेले मॉडेल एका हाताने रेटून उठताना तिरके होते. दोन बाजूंनी पकडणारे घ्या, खाली रबरी पट्टी आहे ना बघा, आणि रुग्ण बसण्याआधी दोन्ही हातांनी आडवे ढकलून पाहा. हलले तर परत करा. रेझर गोल आणि कमोड डी आकाराचा असेल तर कडा अधांतरी राहतात; ते स्क्रू आवळून सुधारत नाही. पट्टीखाली पाणी साचते, म्हणून आठवड्यातून एकदा काढून धुवा आणि कोरडे करून पुन्हा आवळा.

आपल्याकडची अडचण जेटची, म्हणजे धुण्याच्या पाण्याच्या फवाऱ्याची. जेट मागे असला की माणूस कमरेतून वळतो. ऑपरेशनच्या बाजूला वळताना पाय जमिनीवर रुतलेला असला तर मांडी आपोआप आत फिरते. जेट चांगल्या पायाच्या बाजूला, हाताशी घ्या. फ्लश उभे राहून, छोटी पावले टाकत वळल्यावरच. बसताना आणि उठताना ऑपरेशनचा पाय पुढे, भार हातांवर. त्यामुळे हातांचे दांडे असलेले मॉडेल महाग पडले तरी तेच घ्यावे. भिंतीला आधाराचा पक्का दांडा आधीच असेल तर साधे चालेल. घरात भारतीय संडासच असेल तर रेझर कामाचा नाही, भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा.

रेझरने फक्त बसण्याची उंची सुधारते. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, कंबरेच्या मणक्यांचे फ्युजन (मणके जोडून पक्के करणे), आधी झालेले खुब्याचे ऑपरेशन किंवा मांडीच्या हाडाची मान मोडल्यामुळे बदललेला खुबा, यांत धोका मुळातच जास्त. अशांच्या बाबतीत गोळा 28 मिमीचा की 36 चा, ड्युअल मोबिलिटी (गोळा सहज निसटू नये म्हणून दोन ठिकाणी फिरणारी) वाटी हवी का, हे सर्जनला शस्त्रक्रियेआधीच विचारायचे. पुढून छेद घेतला असेल तर नियम वेगळे (पाय मागे ताणून बाहेर वळवणे टाळायचे), तिथे रेझरची गरज पुष्कळदा पडतच नाही. विकत घेण्याआधी डिस्चार्ज कार्डावर पद्धत कोणती लिहिली आहे ते वाचा.

दांडेवाल्या, दोन बाजूंच्या क्लॅम्पच्या मॉडेलला पाचपैकी चार. एका स्क्रूच्या मॉडेलला दीड, तोही फक्त उंचीपुरता.