आठ महिने मास्टर लाल होऊ दिला नाही, सोलापुरातल्या लग्नसराईतला अनुभव

तुळशीचं लग्न झालं आणि सिझन सुरू झाला तेव्हाच ठरवलं होतं की यंदा डीजे वाजवताना मास्टर, म्हणजे कंट्रोलरमधनं बाहेर जाणारा एकूण आवाज, एकदाही लाल जाऊ द्यायचा नाही (मीटरचा लाल लाइट म्हणजे आवाज मर्यादेबाहेर), आता आषाढ लागलाय, तीसेक कार्यक्रम झाले, म्हणून सविस्तर लिहितोय. सेटअप साधाच आहे. लॅपटॉपवर सेराटो (डीजेचं सॉफ्टवेअर), दोन चॅनलचा कंट्रोलर, तिथून आरसीए केबल साऊंडवाल्याच्या मिक्सरला, पुढं अँप, टॉप (वरचे स्पीकर) आणि बेस.

हे सगळं सुरू झालं ते गेल्या वर्षी होटगी रोडच्या एका हळदीत दोन टॉपचे डायफ्राम (स्पीकरमधले आवाज काढणारे पातळ पडदे) उडाले तिथून. पब्लिक "वाढव, वाढव" करत होतं आणि मी ट्रिम (गाण्याचा आत येतानाचा आवाज), फेडर (चॅनलची सरकपट्टी), मास्टर सगळंच वर नेत गेलो. साऊंडवाले दादा म्हणाले अरे माझा अँप तर अर्ध्यावरच होता, आणि ते खरंच होतं. डिजिटलमध्ये 0 डीबी म्हणजे छत, त्याच्या वर जागाच नाही, आवाजाच्या लाटेचं डोकं तिथं सपाट कापलं जातं आणि एकदा कापलेली लाट पुढं अँप कितीही कमी ठेवला तरी कापलेलीच जाते, त्यातून वरच्या फ्रिक्वेन्सीचा जास्तीचा मारा तयार होतो तो थेट ट्विटरवर, म्हणजे टॉपमधल्या तीक्ष्ण आवाजाच्या स्पीकरवर. डायफ्रामचे पैसे मी भरले, चूक माझीच होती.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, ऑटो गेन, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करतं ते. हा लई चांगला आहे पण त्याच्यावर सोडून द्यायचं नाही. माझ्याकडं जुनी हळदीची गाणी एकदम बारीक आवाजाची आणि नवीन रिमिक्स ठासून भरलेले, ऑटो गेनमुळं ते बऱ्यापैकी एका पातळीवर येतात, फक्त गाणी आदल्या रात्रीच अ‍ॅनालाईज करून ठेवा, ऐन वेळी पेन ड्राईव्हवरनं कुणी दिलेलं गाणं तसंच लावलं तर फरक लगेच कळतो. गोची होते हलगीच्या ट्रॅकला. हलगीची थाप क्षणभर खूप वर जाते आणि मधे शांतता, त्यामुळं सरासरी कमी दिसते, मग ऑटो गेन त्याला वर ढकलतो आणि प्रत्येक थापेला मीटर लाल. म्हणून मी ऑटो गेनचं सेटिंग 92 वरनं 89 वर आणलंय आणि हलगीच्या गाण्यांचा ट्रिम हातानं खाली घेतो. एकदा फरक ऐका, थाप कडक वाजते, चिरकत नाही.

मिक्स करताना दोन्ही फेडर वर असले आणि दोन्हीकडं बेस असला तर बेरीज होते, दोन सारख्या लाटा बरोबर एकावर एक बसल्या तर 6 डीबी वाढ. म्हणून एकटं गाणं वाजताना मी मास्टरचं टोक (सगळ्यात जोराचा क्षण) -6 डीबीच्या आसपास ठेवतो आणि दुसरं गाणं आणताना पहिल्याचा लो (बेस) कापतो. काही जण म्हणतात एवढं खाली ठेवलं तर क्वालिटी जाते, तसं काही नाही, 24 बिटच्या डिजिटल आवाजात जवळपास 144 डीबीची जागा असते, 6 डीबी म्हणजे फक्त 1 बिट. आवाज कमी वाटतोय? अँप वाढवा, त्यासाठीच तो आहे.

माइक विसरू नका. माझ्याकडं तो कंट्रोलरमधनंच मास्टरला जातो, आणि नवरीचे मामा माइक ओठाला टेकवून "सर्व पाहुण्यांना विनंती" म्हणाले की गाण्यावर तो आवाज चढतो, राखलेले 6 डीबी तिथंच कामाला येतात.

एक अडचण मात्र सोलापुरातच कळते. हळद दिवसा, एप्रिल-मेचं ऊन, कंट्रोलरवरचे मीटरचे लाइट दिसतच नाहीत, लाल आहे का हिरवा काही कळत नाही. मी लॅपटॉपभोवती पुठ्ठ्याचं खोकं कापून लावतो आणि स्क्रीनवरचा मीटर बघतो. सुरुवातीला सगळ्यात जोराचं गाणं लावून मिक्सरवर लेव्हल एकदा बसवायची, अँप सगळ्यात शेवटी चालू, आणि जाताना सगळ्यात आधी बंद.

तीन तास वाजवल्यावर कान दमतात आणि हात आपोआप वर जायला लागतो, हा माझा सगळ्यात मोठा त्रास होता. कानावर पडणाऱ्या 100 डीबीला (हे मीटरवरचे डीबी नव्हेत) 15 मिनिटांच्या पुढं कानाला धोका असतो आणि आपण तर टॉपच्या शेजारी उभे असतो, त्यामुळं इअरप्लग घ्याच. आणि मास्टरच्या नॉबला मी पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवलाय, बसवलेली लेव्हल तिथं, रात्री 10 ला बंद करेपर्यंत त्या टेपच्या वर नॉब जात नाही. परवा त्याच साऊंडवाल्या दादांनी स्वतःहून फोन केला, पुढच्या दोन तारखांना येतो का म्हणून.