धनुष्याच्या मुठीचे लाकूड : अक्कलकोट रस्त्यावरील सुतारकामाचा अनुभव

बांबूच्या पात्यांचे, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंना वाकणाऱ्या भागांचे, धनुष्य मी घरीच तयार केले. त्याची मधली अठरा इंची मूठ, म्हणजे रायझर, मात्र सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील एका फर्निचर कारागिरांकडून करवून घेतली.

सलग शिसवाचा ठोकळा वापरायचा, असे मी ठरवून गेलो होतो. कारागिरांनी रंधलेल्या ठोकळ्यावर ओले फडके फिरवले, तेव्हा बाण टेकवण्याची खाच जिथे घ्यायची होती, नेमक्या तिथेच लाकडाच्या रेषा तिरक्या होऊन कडेबाहेर जाताना दिसल्या. “शिसव चांगलंय, पण हितंच तुटंल बघा,” असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. कारण दोरी ओढल्यावर पडणारा ताण खाचेपाशी उरलेल्या कमी जाडीलाच पेलावा लागतो आणि तिथे रेषा अखंड नसेल, तर कठीण लाकूडही उभे फाटते.

म्हणून दोन्ही बाजूंना सागवान आणि मध्ये शिसवाची उभी पट्टी, अशी रचना ठरली. सागवान मोडीत निघालेल्या हातमागाच्या चौकटीतले, वर्षानुवर्षे वाळलेले होते. खिळ्यांची भोके असलेला भाग त्यांनी न सांगता कापून टाकला, आणि एकाच फळीतून काढलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक उलटी लावली, म्हणजे एकीच्या रेषांचा कल दुसरी सावरून धरते. हा विचार मला फार मोलाचा वाटला.

तक्रार एकच आहे. पहिल्या मुठीचा जोड आठव्या दिवशी टोकाला उकलला. सागवानातील नैसर्गिक तेल पृष्ठभागावर आले की गोंद नीट धरत नाही, याकडे दुर्लक्ष झाले होते. दुसऱ्या वेळी पृष्ठभाग ताजा रंधून, ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरबरीत करून, ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावले, आणि ते सगळे बाहेर पिळून निघू नये म्हणून क्लॅम्प बेताचेच आवळले. या कामाची वेगळी मजुरी त्यांनी घेतली नाही.

नवी मूठ दोन महिने वापरात असून सांध्यावर केसाएवढीही फट नाही. तरीही साधे इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते, त्यामुळे सोलापूरच्या मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवू नये. पाती बसवण्याच्या बोल्टची भोके काटकोनात पाडणारे यंत्र मात्र या कारागिरांकडे नाही. ते काम दुसरीकडून करून घ्यावे लागते.