ऑर्लिस्टॅट ६०: पाच महिने, तीन बाटल्या आणि एक राखाडी पँट

वजन कमी करण्याच्या या ६० मिलिग्रॅमच्या गोळीची जास्त ओळख करून देत बसत नाही. इथे अमेरिकेत ती २००७ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे माहीत असेलच. थेट पँटवर येते.

दुसऱ्या महिन्यात मैत्रिणीकडे गणपतीचं जेवण होतं. अळूवड्या झाल्या, वर तीन मोदक, त्यांवर सढळ हाताने तूप. गोळी वेळेवर घेतली होती म्हणून मी निर्धास्त. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाटलं, वारा सरतोय. तो नुसता वारा नव्हता. मिसळीवर तर्री तरंगते ना, तसलं नारिंगी तेल! भांड्यांचा साबण दोनदा घासला, डागाची कड अजून दिसते. सुरुवातीला गडद पँट घाला, जादा कपडे जवळ ठेवा, असा सल्ला ही गोळी बाजारात आणणाऱ्यांनीच दिला होता, हे नंतर कळलं.

ही गोळी चरबी जाळत वगैरे नाही. आतड्यात चरबी पचवणारं लायपेज अडवते, मग खाल्लेल्या चरबीतली साधारण पाव न पचता बाहेर पडते. जिलबीतल्या साखरेशी तिचं काही देणंघेणं नाही.

आता हिशोब. जेवणाला १५ ग्रॅम चरबी धरली तर दिवसाला ४५. त्यातली पाव म्हणजे ११ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या शंभर. म्हणजे एक पोळी! त्या पोळीसाठी रोज दीड डॉलर. आधी तुपाचे पैसे द्यायचे, मग तेच तूप बाहेर काढायचे. हे लिहून एकच तारा देणार होते.

पण खरं सांगायचं तर पँटच्या धसक्याने तळण सुटलं आणि ८१ वरून ७७.५ किलोवर आले. तीन तारे.

पुन्हा दुरुस्ती: दोन. मी थायरॉईडची गोळी घेते. ती आणि ही यांत चार तासांचं अंतर लागतं, ते मी पाळलं नव्हतं, आणि रक्ततपासणीत टीएसएच वर गेलं, म्हणजे थायरॉईड कमी पडू लागलं. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तेलाबरोबर वाहून जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन झोपताना घ्यायचं. यकृताला गंभीर इजा झाल्याची क्वचित प्रकरणंही आहेत, त्याचा इशारा २०१० पासून लेबलवर आहे. हे सगळं मी विकत घेताना वाचायला हवं होतं, किंमत तेवढी वाचली.

पुण्याची मावसबहीण म्हणते, त्यापेक्षा जाहिरातीतली हर्बल घे. नको गं बाई. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला घातक म्हणून अमेरिकेत २०१० मध्ये आणि भारतात २०११ मध्ये बंद झालं, तरी एफडीएला, म्हणजे इथल्या औषध नियामकाला, ते ‘हर्बल’ गोळ्यांत पुन्हा पुन्हा सापडतं. माझ्या बाटलीवर निदान आत काय आहे ते छापलंय.

तिसऱ्या बाटलीत ३८ उरल्यात. डॉक्टरांनी तूर्तास बंद ठेवायला सांगितलंय. पैसे मोजलेत, फेकवत नाहीत.