दहाच मास्क देणारं मेडिकल

या मेडिकलला एक स्टार देणारे बहुतेक रिव्ह्यू मार्च-एप्रिल २०२० मधले आहेत. 'डबा समोर दिसत असून दहाच मास्क दिले.' 'कशाला पाहिजेत म्हणून विचारतो, हा कोण विचारणारा?' लिहिणाऱ्यांनी काही खोटं लिहिलेलं नाही. दुकानाचे मालक काका तसं वागायचे, माझ्याशीही वागले. तरी मी चार स्टार देतेय. आमच्या सोसायटीत नवीन येणारे हे जुने रिव्ह्यू वाचून पलीकडच्या चकाचक दुकानात जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरी मास्क कोरोनाच्या आधीपासून लागतात. सासरे, म्हणजे आमचे नाना, घरीच पोटाचं डायलिसिस करतात. पोटात बसवलेल्या नळीला दोन लिटर औषधी पाण्याची पिशवी जोडायची, दिवसातून चार वेळा. खिडक्या बंद, पंखा बंद, हात घासून धुवायचे, नानांच्या तोंडाला मास्क, पिशवी जोडणाऱ्याच्या तोंडाला मास्क, आणि मगच नळीचं टोपण काढायचं. त्या वेळी कुणी शिंकलं आणि जंतू नळीतून आत गेले, तर पोटात इन्फेक्शन होऊन थेट ॲडमिट. चार वेळा, दोघं जण, म्हणजे रोजचे आठ मास्क. शंभराचा डबा काकांकडून दीडशेला यायचा, वाणसामानाबरोबर. त्याच्याकडे कधी कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

फेब्रुवारीत डबा महागायला लागला. पुण्यात तेव्हा कोरोनाचा एकही पेशंट नव्हता. काका म्हणाले, "माल बाहेर चाललाय, ताई." मला वाटलं नेहमीचं रडगाणं. पण सरकारने ३१ जानेवारीला मास्कची निर्यात बंद केली होती, ८ फेब्रुवारीला सर्जिकल मास्कवरची बंदी उठवली आणि १९ मार्चला परत घातली. मधे जे देशाबाहेर गेलं ते गेलं. ९ मार्चला दुबईहून आलेलं जोडपं, पुण्यातले पहिले पेशंट, नायडू हॉस्पिटलमध्ये दाखल झालं, आणि मग सदाशिव पेठेतल्या औषधांच्या होलसेल मार्केटमध्ये सगळ्यांचं एकच उत्तर, "शॉर्ट आहे."

त्याच आठवड्यात काकांनी वही काढली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, उधारीची असते तशी. त्यात घरी पेशंट असलेल्या गिऱ्हाइकांची नावं: आमचं, केमो चालू असलेल्या एक बाई, टीबीचा एक मुलगा, अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे येणारी आया. एवढ्यांना आधी. उरले तर बाकीच्यांना, माणशी दोन. "तुम्ही रुमाल बांधा," असं तोंडावर सांगायचे. वहीतल्यांनाही एका वेळी दहाच, दर वेळी बिल आणि वहीत सही. मी वैतागले होते. आठ लागतात तिथे दहा देऊन काय उपयोग, रोज रांगेत उभी राहू का? म्हणाले, "रोज या. डबा दिला तर तुमच्या घरात तीन जण घालून फिरतील आणि आठवड्यात परत याल." राग आला, पण आमचे हे त्याच सकाळी सर्जिकल मास्क लावून दूध आणायला गेले होते, त्यामुळे गप्प बसले.

एकदा माझ्यासमोर एक गृहस्थ गाडीतून उतरले, ऑफिससाठी पाच डबे हवे म्हणाले, पैसे दुप्पट देतो. काकांनी बिलबुक पुढे ओढलं, "कुणाच्या नावाने करू?" त्यांना बिल नको होतं. "मग मास्क पण नको," म्हणून काका पुढच्या माणसाकडे वळले. एक स्टारवाल्यांपैकी हे एक असावेत असा मला दाट संशय आहे.

आता मालाबद्दल, कारण मेडिकलचा रिव्ह्यू शेवटी मालाचाच असतो. त्या दिवसांत रस्त्यावर, पानटपरीवर, मोबाइलच्या दुकानात सगळीकडे मास्क लटकत होते. मी एका ठिकाणाहून पन्नासाचं पाकीट आणलं, निळे, नाकाला तार, दिसायला अगदी तेच. काकांना दाखवायला नेलं. त्यांनी एक मास्क घेतला, औषधांच्या पट्ट्या कापायची कात्री काढली आणि काउंटरवरच कडेने कापून उघडला. आत दोनच पदर, बाहेरचा निळा, आतला पांढरा. दोन्ही पदर लग्नात आहेराला देतात त्या पिशव्यांच्या कापडाचे. मग स्वतःच्या डब्यातला एक कापला. ज्याचे दहाच देत होते त्यातला एक माझ्यासाठी फुकट घालवला, हे लक्षात घ्या. मधे तिसरा पदर निघाला, पांढरा, बारीक, बोटाला चिकटणारा. "हा मेल्टब्लोन. कण अडवतो तो हाच, बाकीचे दोन याला सांभाळायला. याच्यावर विजेचा भार असतो, म्हणून चिकटतो. धुतलात तर गेला." टंचाई या पदराचीच होती, बाहेरचं कापड वाट्टेल तेवढं मिळत होतं. मला हे कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते पाकीट मग आम्ही भाजीला जाताना वापरलं, नानांच्या खोलीत नेलं नाही.

१३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आले आणि २१ तारखेला भाव ठरले: दोन पदरी ८ रुपये, तीन पदरी १० रुपये, सॅनिटायझर २०० मिलीला १०० रुपये. घरात आम्ही टाळ्या वाजवल्या (दुसऱ्या दिवशी गॅलरीत वाजवायच्याच होत्या). पण झालं उलटं. काकांनी बिल दाखवलं, स्टॉकिस्टकडूनच त्यांना तीन पदरी मास्क बाराला पडत होता. दहाला विकायचा तर दोन रुपये खिशातून, दहाच्या वर विकला तर गुन्हा. आजूबाजूच्या मेडिकलवाल्यांनी सरळ 'मास्क नाहीत' अशी पाटी लावली. काही ठिकाणी पाटीच्या मागून मिळायचे, किती रुपयांना ते सांगत नाही. काकांनी वहीतल्यांना दहानेच दिले. सगळ्यांना तोट्यात देणं त्यांना झेपलंच नसतं, म्हणून वही. हे त्यांनी रांगेतल्या लोकांना दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर निम्मे रिव्ह्यू आलेच नसते. पण समजावून सांगणं हा त्यांचा प्रांत नाही.

आमचा आठचा हिशोब नानांनीच सोडवला. लॉकडाऊनमध्ये ते स्वतः पिशवी जोडायला शिकले. मी बाहेर, ते दार लावून आत, म्हणजे आठाचे चार झाले. अजूनही स्वतःच करतात आणि मी आत डोकावले तर ओरडतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने भाव बांधले, दोन पदरी ३ रुपये, तीन पदरी ४, एन-९५ १९ पासून ४९ पर्यंत. तोवर माल भरपूर आला होता आणि वही कपाटात गेली होती. एन-९५च्या बाबतीत काकांचा एक नियम मला पटला. पुढे गोल व्हॉल्व्ह असलेले मास्क त्यांनी जुलैपासून ठेवणंच बंद केलं, कारण त्यातून घालणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर येतो. केंद्रानेही तेव्हा तसं पत्र काढलं होतं. पलीकडच्या दुकानात ते नंतर कितीतरी दिवस शोकेसमध्ये होते, रंगीत.

पाचवा स्टार का नाही, तर एप्रिल २०२१. दुसरी लाट, प्रत्येक घराला ऑक्सिमीटर हवा. काकांकडे होते, आणि त्यांनी ते छापील किमतीला विकले. छापील किंमत म्हणजे काय, तर आदल्या वर्षी हजाराच्या आत मिळणाऱ्या तसल्याच यंत्रावर अडीच हजार. मी बोलले. ते म्हणाले, "एमआरपीच्या वर एक रुपया घेतला का?" नव्हता घेतला. जुलैमध्ये केंद्राने ऑक्सिमीटरवरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली आणि भाव उतरले. म्हणजे त्याआधी किती नफा घेता येत होता, याचा अंदाज करा. कायद्याने त्यांचं काही चुकलं नाही. पण मास्कच्या वेळी पदरचे दोन रुपये घालणारा माणूस वर्षभरात एमआरपीवर बोट ठेवायला लागला, हे मला आवडलं नाही आणि मी ते त्यांना सांगितलंय. रेमडेसिव्हिर मात्र त्यांनी कुणाला 'बघतो' म्हणूनही सांगितलं नाही. "नाही आहे, हॉस्पिटललाच विचारा," एवढंच. त्या दिवसांत खोट्या आशेवर लोक रात्र-रात्र रांगेत काढत होते, त्यामुळे ते रोखठोक उत्तर बरं वाटायचं.

दुसरी तक्रार कायमची आहे. काका सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "मूळव्याधीचं का?" वहीच्या काळात केमोवाल्या बाईंचा आजार अख्ख्या रांगेला कळला. पेशंट कोण ते विचारावं, पण हळू विचारावं.

आता त्यांचा मुलगा बसतो, बोलायला गोड आहे, यूपीआय चालतं, घरपोच मात्र तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. इन्सुलिन फ्रिजमधूनच काढून देतात, बर्फाची पिशवी मागावी लागत नाही. शुगरच्या पट्ट्या महाग आहेत, त्या दुसरीकडून घ्या. आणि प्रिस्क्रिप्शनचा मोबाइलमधला फोटो दाखवून अँटिबायोटिक मागायला जाऊ नका. मुलगा देईलही, पण आतल्या खुर्चीवर काका बसलेले असतात.